आसारामच्या गाडीची उचकी

१

युसूफ वडगाव ह्या गावातून केजकडे निघालं की कडबाकुट्टीच्या दुकानासमोर एक पत्र्याचं शेड लागतं. त्याला पाटी नाही, आणि चव्वेचाळीस वर्षांत कुणाला ती लागलीही नाही. नबी मिस्तरी कुठं बसतो, हे त्या रस्त्यावरच्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे.

सकाळी आला की तो आधी शेडात पाणी मारायचा. मग पाने लहानापासून मोठ्यापर्यंत खिळ्यांना अडकवायचा. शेवटी हातभर लांबीचा एक पेचकस फडक्यानं पुसून हाताशी ठेवायचा. हा पेचकस स्क्रू फिरवायचा नव्हता, ऐकायचा होता. टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग आतला एकेक भाग आपापल्या आवाजात बोलायला लागतो. नबीचा डावा कान कधीच गेला होता, उजवा अर्धामुर्धा राहिला होता. पण कान म्हातारे झाले तरी हाड म्हातारं होत नाही, असं तो म्हणायचा.

माघातल्या एका मंगळवारी रामची पिकअप शेडापुढं येऊन उभी राहिली. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा.

राम हा आसारामचा मुलगा. मंडपाचा धंदा करायचा. बांबू, पत्रे, कढया, खुर्च्या, सगळं ह्याच जुन्या पिकअपमधून न्यायचा. गाडी मूळची आसारामची. वीस वर्षांपूर्वी नबीनंच सोबत जाऊन, इंजिनाला पेचकस लावून, ती त्याला निवडून दिली होती.

"चाचा, पुन्हा उचक्या द्यायला लागली," राम खाली उतरत म्हणाला. "परवा लग्नाच्या दारात जायच्या आधी वाटंतच मेली. नवरदेवाच्या मामानं मला अक्षता सोडून बाकी सगळं दिलं."

नबी हसला. राम हसला नाही. त्यानं सरळ सांगून टाकलं, की ही शेवटची खेप. टिकली तर टिकली. नाहीतर येत्या सोमवारी भंगारवाला येतोय, त्याला शब्द देऊन ठेवलाय. आईला अजून बोललेलो नाही.

नबीच्या हातातलं फडकं थांबलं. गेल्या वैशाखात आसाराम गेला. त्यानंतर ही गाडी सात-आठ महिने छपराखाली नुसती उभी होती, आणि त्या प्रत्येक दिवशी सकाळी त्याची बायको बायनाबाई गाडीची काच पुसत होती. सडा घालायचा, तुळशीला पाणी घालायचं, काच पुसायची. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. पण काचेवरून हात फिरवताना ती काहीतरी पुटपुटायची, असं गल्लीतल्या बाया सांगायच्या.

"सोमवार लांब हाय," नबी म्हणाला. "बघू दे मला."

त्यानं पंप सोडवला. टाकीतलं डिझेल ओढून पुढं इंजिनाकडं ढकलणारा हा पंप, त्याच्या आत रबराचा एक पडदा असतो. पडदा फाटला होता. पहिल्या दोन्ही वेळी फाटला होता, अगदी त्याच जागी. न मिळणारी गोष्ट कुणीतरी जीव खाऊन ओढावी आणि ओढता ओढता ओठ फाटावा, तसा.

नवा पडदा बसवून त्यानं गाडी चालू केली आणि पेचकस लावून डोळे मिटले. पंप नीट चालत होता. पण त्याच्या चालीखाली आणखी एक आवाज होता. टक, टक. मग थोडं थांबून, एक हलकी टक. पुन्हा दोन, पुन्हा एक. नबीला वाटलं, ही चाल आपण कुठंतरी ऐकली आहे, आणि गाडीत नाही ऐकलेली.

त्यानं रामला इंजिन बंद करायला लावलं. पेचकस तसाच हाडाला होता.

टक, टक. टक.

नबीनं पेचकस काढला. तापलेलं लोखंड निवताना टकटकतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

२

रामला घरी लावून दिलं आणि नबी एकटाच गाडीपाशी बसला. त्याला घाई कधी जमली नाही. दोष शोधणं म्हणजे आजारी लेकराला विचारणं, असं त्याचं मत. इथं दुखतं का, इथं दुखतं का, आणि लेकरू बोलत नसेल तर त्याच्या तोंडाकडं बघायचं.

टाकीपासून पंपापर्यंतची नळी त्यानं बोटानं चाचपली. चीर नव्हती. फिल्टर नवा होता. टाकी रिकामी करून बॅटरी मारून आत पाहिलं, तर गाळ नाही, गंज नाही. मग तो बाकड्यावर बसून विचार करत राहिला. पडदा फाटतो म्हणजे पंप ओढतोय. ओढूनही डिझेल येत नाही म्हणजे मागून कुणीतरी धरून ठेवलंय. बाटलीला तोंड लावून ओढत राहिलं की बाटली आत चेपते आणि पाणी यायचं थांबतं. टाकीचंही तसंच असतं. जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी टोपणाला सुईएवढं भोक असतं. टाकी तिथून श्वास घेते.

त्यानं टोपण हातात घेतलं, उलटं केलं, आणि नखानं आतली रबराची चकती उचकटली.

रबर दोन थरांचं निघालं. वरचा थर रबर नव्हताच. ती दुधाची पिशवी होती. चौघडी घालून, कोपरा आत दुमडून, दाबून बसवलेली. डिझेलनं काळी पडून ती रबराला चिकटली होती आणि रबरासारखीच दिसत होती. एवढे दिवस पेट्रोलपंपावर टोपण उघडलं गेलं, लावलं गेलं, पण कुणाला ती कळली नव्हती. भोक पार बंद.

टोपणाचं रबर झिजलं की डिझेल हिंदकळून बाहेर येतं. मग खाली प्लास्टिक घालायचं. आपल्याकडं सगळेच घालतात.

नबीनं पिशवी उलगडली. एक कोपरा दातानं तोडलेला होता. ती चौघडी त्यानं पुन्हा घालून पाहिली. आधी आडवी, मग उभी, मग कोपरा आत. बोटांना वाट माहीत होती. चव्वेचाळीस वर्षं तो अशीच घडी घालत आला होता.

पिशवी त्यानंच घातली होती.

३

गेल्या वैशाखातला शुक्रवार. बांग होऊन गेली होती, नबी हातपाय धुऊन नमाजला निघाला होता. तेवढ्यात आसारामची गाडी आली. टाकी गळ्यापर्यंत भरलेली आणि टोपणाखालून डिझेल ओघळत होतं.

"ए नब्या, धार लागली बघ बे."

नबीनं पाहिलं. रबर गेलं होतं. नवं रबर कापून बसवायला पाव तास. त्यानं सकाळच्या चहाच्या दुधाची पिशवी उचलली, दातानं कोपरा तोडून पाणी झटकलं, घडी घातली, टोपण आवळलं. आणि म्हणाला, उद्या ये, नीट करून देतो. टाकीला श्वास लागतो, हे त्याला त्याही दिवशी ठाऊक होतं. पण केजपर्यंत काय होतंय, असं वाटलं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. हातानं केलं.

आसाराम छाती चोळत होता. जळजळतंय, म्हणाला. केजला जाऊन दाखवून येतो. त्याला उचकीही लागली होती. तिखट खाल्लं की त्याला लागायचीच. दोन लागोपाठ, मग दम घेऊन एक.

"सोडा पी," नबी म्हणाला होता, आणि मशिदीकडं चालायला लागला होता.

चार किलोमीटरवर, बाभळीच्या वळणाला, गाडी उभी सापडली. चावी चालू होती. आसाराम चाकाला पाठ टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळे म्हणाले, बिचाऱ्याला कळलं असेल, म्हणून त्यानं स्वतःच गाडी कडेला घेतली. नबीही तेच म्हणाला. गाडी का थांबली, हे त्यानं विचारायला पाहिजे होतं. चव्वेचाळीस वर्षं तो दुसऱ्यांना हेच विचारत आला होता. आसारामला उचलायला गेला तेव्हा त्यानं चावी बंद केली होती. बॉनेट उघडलं नव्हतं.

आज कळलं, की त्यानं ते का उघडलं नव्हतं.

शेडात ऊन आलं होतं. नबीनं पिशवी दुमडून नट-बोल्टांच्या वायसरच्या डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. टोपणाला नवं रबर कापलं, सुईनं भोक मोकळं केलं, फुंकून पाहिलं. संध्याकाळी राम आला तेव्हा त्याला सांगितलं, टोपणात दोष होता, भोक बुजलं होतं.

"एवढ्यासाठी तीन पंप?" राम म्हणाला.

"एवढ्यासाठीच," नबी म्हणाला. बाकीचं त्याच्या जिभेपाशी येऊन परत गेलं.

४

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार गाडी वाऱ्यासारखी पळाली. जाता-येता राम हॉर्न वाजवायचा. नबी हात वर करायचा आणि गाडी वळेपर्यंत तिच्याकडं बघायचा.

रोज दुपारी चहाचा पहिला घोट घेताना त्याच्या मनात तेच यायचं. पाव तास. पाव तास थांबवलं असतं तर. मग चहा निवून जायचा. हे काही आजचं नव्हतं. पिशवी सापडायच्या आधीपासून, गेल्या वैशाखापासून, चहाच्या वेळेला आसाराम असाच यायचा आणि बसून राहायचा. फक्त का येतो, ते आता समजलं होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. मागं दोरखंडानं बांधलेली पिकअप. पिकअपमध्ये खुर्च्या, कढया, बांबू, आणि पुढं स्टिअरिंगवर दात आवळून बसलेला राम. त्याच्या शेजारी बायनाबाई होती. देवाला म्हणून ती मुलाबरोबर निघाली होती, आणि वाटेत गाडी बंद पडल्यावर रागाच्या भरात रामनं तिला भंगाराचं सांगून टाकलं होतं.

राम नबीकडं न बघता उतरला. त्यानं सामान ट्रॅक्टरात भरलं, लग्नाची वेळ गाठायची म्हणाला आणि निघाला. बायनाबाई गेली नाही. बाकड्याच्या टोकाला बसली, पदर सावरला.

"तुमी एकदा बघा, नबीभाऊ. उद्या त्यो भंगारवाला येणार हाय."

नबीनं पंप सोडवला. पडदा फाटला होता. त्याच जागी.

मग तो टाकीकडं वळला. टोपण फिरवताना त्याच्या हाताला आधीच कळलं होतं. उलटं केलं. नवं रबर होतं, त्यानं कापलेलं. त्याच्यावर दुधाची पिशवी होती. आडवी, उभी, कोपरा आत. एक कोपरा दातानं तोडलेला.

त्यानं जाऊन वायसरचा डबा उघडला. झाकण घट्टच होतं, नख लावून काढावं लागलं. आत वायसर होते.

नबी उभा राहिला. हुशारीनं विचार करायचा म्हणून त्यानं डोळे मिटले. पिशवी मी डब्यात ठेवली. ठेवली का? ठेवली असं आठवतंय. पण मंगळवारी रामला गाडी द्यायच्या आधी टोपण मीच लावलं. तेव्हा हातानं सवयीनं डबा उघडला असेल. घडी घातली असेल. चव्वेचाळीस वर्षांची बोटं, ती कुठं मला विचारून करतात? तेव्हाही त्यांनी विचारलं नव्हतं.

हे पटण्यासारखं होतं. आणि हेच पटलं म्हणून त्यानं आपली बोटं डोळ्यांपुढं धरून पाहिली.

५

रविवार असल्यामुळं समोरची कडबाकुट्टी बंद होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पत्रा उन्हानं तडतडत होता, मधूनच थांबत होता. टाकीचं तोंड उघडंच होतं. नबी तिथंच उकिडवा बसला, तळहातावर पिशवी घेऊन. बायनाबाईनं माठातून पाण्याचा तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"घोटभर प्या," ती म्हणाली. "उचकी लागलीया तुमाला."

नबीनं वर पाहिलं.

"मला न्हाई, वहिनी."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. दोघांनीही ऐकलं. टक, टक. मग दम घेऊन, टक. पेचकस बाकड्यावर पडला होता. नबीचा कान अर्धाच होता, तरी त्याला ऐकू येत होतं. इंजिन बंद होतं. दोरानं ओढून आणलेली गाडी, ते तापलेलंही नव्हतं. पंप तर समोर फडक्यावर सुटा पडला होता.

आवाज टाकीच्या तोंडातून येत होता.

बायनाबाई घाबरेल असं नबीला वाटलं. ती घाबरली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"ह्यांची अशीच असायची," ती हळूच म्हणाली. "दोन, मग एक. तिखटाचं निमित्त. मी म्हणायची, कुणीतरी आठवण काढतंय बघा, नावं घ्या. आठवण काढणाराचं नाव आलं की थांबती."

मग तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. मोठ्यानं नाही, झोपलेल्या माणसाच्या कानाशी बोलावं तशी. राम, म्हणाली. थांबली. टक, टक. टक. शिरूर कासारला दिलेल्या मुलीचं नाव घेतलं, सायली. मग आप्पा, थोरला दीर. मग वनमाला, नणंद. प्रत्येक नावानंतर ती वाट बघायची, आणि प्रत्येक नावानंतर आतून उत्तर यायचं, तसंच, तेवढ्याच अंतरानं. नबीच्या मनगटावरचे केस उभे राहिले होते. उठून चालायला लागावं असं वाटत होतं. पण तो पिशवी धरून बसून राहिला.

शेवटी बायनाबाईनं पदर तोंडाशी घेतला.

"बायना," ती म्हणाली. स्वतःचं नाव.

टक, टक.

टक.

तिचा चेहरा एवढासा झाला. रोज काच पुसणाऱ्या बाईचा चेहरा. माझी आठवण पोचत न्हाई का, असं ती बोलली नाही, पण नबीला ते तिच्या हाताकडं बघून कळलं. हात पत्र्यावरून घसरला होता.

आता एकच नाव राहिलं होतं. ते नबीला मघापासून ठाऊक होतं. वायसरचा डबा उघडला तेव्हापासून, किंवा त्याच्याही आधीपासून. त्यानं ओठ ओले केले.

"नबी," तो म्हणाला.

टक, टक.

आणि मग काही नाही.

तिसरी आलीच नाही. आत कुणीतरी ती अर्ध्यावर धरून ठेवावी आणि कान द्यावा, तसं झालं. मग टाकीच्या त्या उघड्या, काळ्या तोंडातून हवा आत गेली. लांब, सावकाश. एवढा वेळ दाबून धरलेला श्वास कुणी घ्यावा तशी. नबीच्या तळहातावरची पिशवी थरथरली, एका कोपऱ्यावर उभी राहिली आणि त्या तोंडाकडं निघाली.

नबीनं मूठ आवळली.

६

त्यानं सांगितलं. बोलायला त्याला नेहमीच वेळ लागायचा, आज जास्त लागला. शुक्रवार, बांग, गळणारं टोपण, दातानं तोडलेला कोपरा. छातीची जळजळ. सोडा पी. मग मूठ उघडून त्यानं पिशवी तिच्यापुढं धरली.

"मी पाव तास दिला न्हाई, वहिनी. गाडी माझ्या हातानं थांबली."

बायनाबाईनं पिशवीकडं पाहिलं. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज जाऊन विरला.

"गाडी थांबली नसती," ती शेवटी म्हणाली, "तर वाचले असते का ते?"

"ठाऊक न्हाई."

"ह्येच रोज इचारता व्हय सोताला?"

नबीनं मान डोलावली.

"म्हणून मेल्या माणसाला उचक्या." तिनं डोळे पुसले, पण आवाज पुसलेला नव्हता. "मी आठवण काढली ती रडून काढली, मोकळी झाली. तुमी दात आवळून काढताय. त्यांला गप पडू द्या की आता, भाऊ. लई उचकले ते."

तिनं त्याला माफ केलं, असं नबीला वाटलं नाही. केलं नाही, असंही वाटलं नाही. तिनं त्याच्या हातातली पिशवी उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"ही माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमच्यापाशी ठिवली की जिथली तिथं जाती."

नबीनं चौथा पडदा बसवला. टोपणाचं भोक पुन्हा मोकळं केलं. ह्या वेळी टोपण लावताना त्यानं दोन्ही हातांकडं डोळे फाडून पाहिलं.

सोमवारी भंगारवाला आला. बायनाबाईनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

७

फाल्गुन गेला, चैत्र गेला. लग्नसराईत रामची गाडी दिवसाला दोन-दोन मंडप ओढायची. पंप मेला नाही, उचकी आली नाही.

वैशाखातल्या एका शुक्रवारी नबी नमाज करून शेडात परतला. ऊन फार होतं. थर्मासातला चहा ओतून त्यानं पहिला घोट घेतला, आणि आज बऱ्याच दिवसांनी ते पाव तासाचं मनात आलं नाही. तेवढ्यात त्याला उचकी लागली.

एक, लगेच दुसरी. मग जरा दम घेऊन, तिसरी.

नबी हसला. म्हाताऱ्या माणसाची आठवण काढणारे किती असणार? पुण्यात असलेल्या मुलाचं नाव त्यानं घेतलं, शहेबाज. थांबली नाही. सिरसाळ्याला दिलेली हीना. थांबली नाही. मग जरा थांबून, चार वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं घेतलं, नसीम. तिची असेल असं त्याला वाटलं होतं. तिचीही नव्हती.

दोन. मग एक.

राहिलेलं नाव त्यानं घेतलं नाही. छातीत मघापासून जरा जळजळत होतं. उन्हाचं असेल. सोडा प्यावा, असं त्याच्या मनात आलं, आणि सोडा हा शब्द मनात आल्याबरोबर पेला हातातून सुटला.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. हॉर्न नाही, काही नाही. रामची पिकअप होती. राम बॉनेटकडं बघत, वैतागून खाली उतरला.

"चाचा, हितं येऊन आपोआप बंद पडली बघा. रस्त्यात एकदा उचकली न्हाई, आन् नेमकी तुमच्या दारात..." त्यानं नबीकडं पाहिलं आणि तिथंच थांबला. "चाचा? घाम कावून एवढा?"

पुढं जे झालं ते राम सगळ्यांना सांगतो. केजच्या डॉक्टरकडं न्यायला म्हाताऱ्याला त्यानं उचलूनच पुढं बसवलं. बंद पडलेली गाडी, म्हणून चावी फिरवायला त्याचा हात धजत नव्हता. फिरवली, आणि गाडी एका हाकेत चालू झाली.

जे राम सांगत नाही, कारण त्याला ते कळलंच नाही, ते एवढंच. नबी दाराला खेटून बसला होता. खांदा काचेला, गुडघा पत्र्याला, मधली जागा सगळी मोकळी.

"चाचा, आत सरका की, दार नीट लागत न्हाई."

"ऱ्हाऊ दे. चल तू."

गाडी निघाली. उचकी चालूच होती, दोन, मग एक. बाभळीचं वळण दिसायला लागलं तसं नबीनं डोळे मिटले. इथं तिची चाल मंदावेल, आत्ता एक झटका बसेल, असं त्याला वाटलं, आणि कानामागचं हाड तो झटका ऐकायला ताणलं गेलं. इंजिन एका लयीत चाललं होतं. वळण आलं.

"आसाराम," नबी म्हणाला.

उचकी थांबली.

"काय म्हणला, चाचा?"

"काई न्हाई."

वळण मागं पडलं. गाडी थांबली नाही. मधल्या सीटची जुनी स्प्रिंग करकरली आणि शांत झाली. केजची पाण्याची टाकी लांबून दिसायला लागली तेव्हा रामनं पुन्हा एकदा म्हटलं, चाचा, आता तरी आत सरका, पडाल अशानं.

नबी सरकला नाही. मधे जागा नव्हती.